मित्राचा कुत्रा, मित्राची वही

वाचकहो, शेतकऱ्याचे घर म्हटले की अंगणात कुत्रा आलाच. तो रात्री खळ्याची राखण करतो, परका माणूस दिसला की भुंकतो आणि भाकरीच्या तुकड्यावर जन्म काढतो. पण आज मी ज्या कुत्र्याविषयी सांगणार आहे तो राखणीचा नव्हता. घरात चोर शिरला असता तर त्याने शेपटीचा बुंधा हलवून त्याचे स्वागतच केले असते. त्याचे सारे शहाणपण नाकात होते. तो पाखरांचा कुत्रा होता, आणि तो आमचाही नव्हता. माझ्या दिवंगत मित्राचा होता.

शिकारी कुत्र्यांत दोन तऱ्हा असतात, हे आधी सांगून ठेवतो. घाटावरच्या मंडळींना कारवान ठाऊक असेल. लांब पायांचा, बारीक कमरेचा. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे यांनी जी जात जोपासली तीही त्याच कुळातली. हा कुत्रा डोळ्यांनी शिकार करतो. माळावर ससा दिसला की वाऱ्यासारखा सुटतो. दुसरी तऱ्हा नाकाने काम करणाऱ्यांची. त्यांतला पॉइंटर पाखराचा वास आला की एक पाय उचलून पुतळ्यासारखा उभा राहतो. स्पॅनियल मात्र गवतात शिरून पाखराला उठवतो आणि बार झाल्यावर पडलेले पाखरू तोंडात धरून आणून देतो. आमचा जिमी हा कॉकर स्पॅनियल होता. काळाभोर, छातीवर पांढरा ठिपका, आणि कान इतके लांब की पाणी पिताना भिजत.

आता तुम्ही म्हणाल, वसईच्या वाडीत हा साहेबी कुत्रा कुठून आला? तर माझा मित्र नंदाखालचा. केळीची बाग, पानवेली, थोडी भातशेती असा त्याचा संसार. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यामुळे त्याला मित्र म्हणावे की थोरला भाऊ, हे मला कधी ठरवता आले नाही. पाने आणि केळी घेऊन तो मुंबईला जाई. तिथल्या एका पारशी गृहस्थाच्या घरी कुत्री व्याली होती. त्यांनी १९६४ साली हे पिल्लू त्याला दिले. पानांच्या रिकाम्या करंडीत घालून, विरारच्या गाडीने, त्याने ते घरी आणले.

त्या काळी आमच्याकडे पाखरांची शिकार ही चोरीची गोष्ट नव्हती. मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा होता. परवाना काढावा लागे आणि ठरलेल्या काळातच बार टाकता येई. बऱ्याच घरांतून पीक राखायला ठासणीची बंदूक असे. आमच्या वडिलांकडे, म्हणजे आप्पांकडे, एकनळी बारा बोअरची बंदूक होती. ती माजघरात खुंटीला टांगलेली असे, आणि काडतुसे आजीच्या पेटीत कुलपात. किल्ली मागायची म्हणजे आजीला कारण सांगावे लागे. हा आमच्या घरातला दुसरा परवाना!

शिकार कसली, तर मुख्यतः पाणलाव्याची. ज्यांनी हे पाखरू पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाव्याहून थोडे मोठे, अंगावर वाळल्या पेंढ्याचा रंग, पाठीवर पिवळसर रेघा, आणि चोच अंगाच्या मानाने फारच लांब. ही चोच चिखलात खुपसून ते किडे-गांडुळे शोधते. चोचीचे टोक इतके हळवे असते की चिखलाच्या आत काय आहे ते त्याला न पाहता कळते. आपल्याकडे ते पावसाळा सरता सरता, उत्तरेकडून, थेट सैबेरियाच्या बाजूने येते आणि उन्हाळा लागला की परत जाते. अर्ध्या जगाचा प्रवास करून आलेले हे पाखरू आपल्या भाताच्या खाचरात, धसकटांच्या मधे बसलेले असते, आणि पाय पडेस्तोवर दिसत नाही. मग एकदम ‘च्यॅक’ असा आवाज करून नागमोडी उडते. नेम धरीपर्यंत ते तीनदा दिशा बदलते. त्यामुळे दहा बारांत दोन पाखरे पडली तरी माणूस स्वतःला शाबासकी देई.

आणि पाखरू पडले तरी काम संपत नसे. खरे काम तिथून पुढे सुरू होई. चिखलडोंगरी, मारंबळपाड्याकडे वैतरणेच्या खाडीलगत आमची शिकारीची जागा. वरच्या बाजूला भाताची खाचरे, खाली खाजण, कडेला लव्हाळे आणि तिवरे. पेंढ्याच्या रंगाचे पाखरू पेंढ्यात पडले, तर माणसाला ते हाताच्या अंतरावरही सापडत नाही. जखमी असेल तर तोंड लपवून पडून राहते. म्हणून माझा मित्र सांगायचा, “कुत्रा पाखरे मारायला नसतो रे. मारलेले वाया जाऊ नये, म्हणून असतो.”

त्याचे तीन नियम होते. बसलेल्या पाखरावर बार टाकायचा नाही. घरच्या कालवणापुरती झाली की थांबायचे. आणि पडलेले पाखरू सापडल्याशिवाय दुसरा बार नाही, मग दिवस मावळला तरी चालेल. या तिसऱ्या नियमासाठीच त्याने जिमीला तयार केला होता. पाखराचे पंख फडक्यात बांधून त्याची गुंडाळी करायची, ती आधी अंगणात, मग केळीच्या बागेत, मग बावखलाच्या कडेच्या गवतात लपवायची आणि शोधायला लावायचे. काठीचा उपयोग नाही, ओरडणे नाही. शोधून आणले की गळ्याखाली खाजवायचे, एवढेच बक्षीस. दात न लावता पाखरू कसे धरायचे ते जिमी इतके शिकला होता की कोंबडीचे अंडे तोंडातून आणून तो न फुटता हातावर ठेवी. हा खेळ पाहायला गल्लीतली पोरे जमत.

१९६९ च्या पावसाळ्यात माझा मित्र कावीळ होऊन गेला. वय पस्तीसही नव्हते. मागे वहिनी, नऊ वर्षांचा मुलगा, त्याहून लहान मुलगी, अर्धी फेडलेली पंपाची उसनवारी आणि हा कुत्रा.

जिमी आठ दिवस दारातल्या बाकाखालून हलला नाही. शहरातला कोणी हौशी माणूस दोनशे रुपये द्यायला तयार झाला होता. त्या काळचे दोनशे रुपये म्हणजे विधवेच्या घरात लहान रक्कम नव्हे. पण वहिनी आमच्या आजीकडे आल्या आणि म्हणाल्या, “तिकडे तो गादीवर बसून राहील. त्याचे काम चुकेल. तुम्ही न्या. शिकार मिळाली तर वाटा द्या, नाही मिळाली तर नको.” आजीने तिथेच शब्द दिला की अर्धा वाटा त्यांच्या घरी जाईल, आणि घरच्या भाताचाही एक वाटा त्या वर्षी जाईल. अशा रीतीने जिमी आमच्या घरी आला.

कार्तिकात भाताची कापणी झाली. खाचरांत अजून ओल होती. आप्पा, धाकटे काका आणि मी असे तिघे जिमीला घेऊन चिखलडोंगरीकडे निघालो. बांधावर पाय ठेवताच त्याचे अंग बदलले. नाक खाली, कापलेल्या शेपटीचा बुंधा एकसारखा हलतोय, आणि वीस-पंचवीस पावलांच्या पुढे तो जात नाही. बंदुकीच्या पल्ल्याबाहेर पाखरू उठवून उपयोग नसतो, हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. पहिला पाणलावा उठला, आप्पांनी बार टाकला, पाखरू लव्हाळ्यात पडले. जिमी आत शिरला, दोन मिनिटांत पाखरू घेऊन बाहेर आला, आणि आमच्यापासून दहा पावलांवर बसला.

आम्ही बोलावले. तो येईना. काकांनी चुचकारले, दरडावले. तो पाखरू तोंडात तसेच धरून आमच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे पाहत राहिला. शेवटी त्याने ते बांधावर ठेवले आणि त्याच्याजवळ मान टाकून बसला. दुसऱ्या पाखराला तेच. तिसऱ्याला तेच. काका म्हणाले, “हा कामाचा नाही. दोनशे रुपये तरी वहिनींना मिळू द्यात.” आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी तिन्ही पाखरे स्वतः वाकून उचलली.

रात्री जेवताना आजीपुढे विषय निघाला. आजीला शिकारीतले काही कळत नव्हते, पण गुरे कळत होती. ती म्हणाली, “धनी गेल्यावर गाय परक्या हाताला पान्हा सोडते का? नाही ना? मग घरातलेच कोणी तरी पुढे बसवावे लागते. त्याच्या घरातले माणूस न्या बरोबर.”

घरातले माणूस म्हणजे तो नऊ वर्षांचा मुलगा. वहिनींनी दोन अटी घातल्या. मुलाने बंदुकीला हात लावायचा नाही, आणि रविवारची मिस्सा चुकवायची नाही. दुसरी अट आमच्या पथ्यावरच पडली. उन्हे चढली की पाणलावा आळसावतो आणि दडून बसतो, त्यामुळे मिस्सा आटोपून निघालो तरी वेळ साधे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या घरी सामिष चालत नसे. रविवारी कोणाचीच हरकत नव्हती. दोन धर्मांची दोन पंचांगे सांभाळून आमची शिकार ठरे!

त्या रविवारी पोरगा आमच्या मागून अनवाणी चालत होता. बार झाला, जिमी लव्हाळ्यात गेला, पाखरू घेऊन आला आणि नेहमीप्रमाणे दहा पावलांवर बसला. पोराने दोन बोटे तोंडात घातली आणि शीळ घातली. दोन आखूड, एक लांब. अगदी बापाची शीळ. जिमीने मान वळवली. क्षणभर उभा राहिला. मग सरळ चालत पोराकडे गेला आणि पाखरू त्याच्या ओंजळीत सोडले. पोराने दुसऱ्या हाताने त्याच्या गळ्याखाली खाजवले. आप्पांनी टोपी काढून तोंड पुसले आणि विनाकारण बंदुकीची नळी साफ करीत बसले. आम्ही कोणी काही बोललो नाही.

पोरानेच शांतता मोडली. पाखरू हातात धरून तो म्हणाला, “किती उठली ते मोजले का तुम्ही?”

आम्ही कशाला मोजतोय? तर पुढच्या रविवारी त्याने बापाची वही आणली. दूधवाल्याचा हिशेब ठेवावा तशी साधी, लांबट वही. रकाने आखलेले. तारीख, जागा, भरती की ओहोटी, आणि शेवटी दोन रकाने: ‘दिसले’ आणि ‘घेतले’. दिसलेल्यांचा आकडा नेहमी मोठा, घेतलेल्यांचा लहान. कुठे तीस दिसले, चार घेतले. कुठे अठरा दिसले, एकही नाही, आणि पुढे शेरा: ‘वारा उलटा’. बाप शिकारीहून आल्यावर कंदिलापाशी बसून हे लिही, आणि पोरगा शेजारी बसून पाही. आता लिहिणारा तो झाला.

त्या हिवाळ्यापासून तीन वर्षे आमचा हा क्रम चालला. आप्पा, काका, मी, तो मुलगा, आणि कधी हट्टाने मागे लागलेली माझी धाकटी बहीण. शिकार फार नसे. पाणलावा शंभर ग्रॅमच्या आसपासचे पाखरू. एकात दोन-तीन घास. चार-सहा पाखरे मिळाली की अर्धी नंदाखालला जात. उरलेल्यांत आई ओले खोबरे आणि वाडवळी मसाला घालून रस्सा वाढवी. नऊ माणसांच्या पंगतीत कोणाला फोड, कोणाला नुसता रस्सा, आणि बरोबर तांदळाची भाकरी. पण त्या रश्श्यावर जितकी चर्चा होई तितकी श्रीखंडावरही झाली नसेल. कोणते पाखरू कुठे उठले, कोणाचा नेम हुकला, जिमीने काय केले. काकांच्या हुकलेल्या बारांवर आईसुद्धा हसे.

कधी बदल म्हणून तुंगारेश्वराच्या पायथ्याला, पारोळ-भाताण्याच्या बाजूला जात असू. तिथे तितर, लावा आणि कधी ससा. तिकडे जिमीची फजिती होई. कोरड्या जागेत वास टिकत नाही, काटे कानांत अडकत. तो चिखलाचाच गडी. संध्याकाळी त्याची चाकरी मुलगा आणि माझी बहीण करीत. खाऱ्या चिखलाचे अंग गोड्या पाण्याने धुवायचे, कान उलटून आतले कुसळ काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे, पंजांच्या बेचक्या पाहायच्या. लांब कानाच्या कुत्र्याचे कान ओले राहिले की आत सडतात. ज्यांच्याकडे अशी कुत्री असतील त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९७२ साली देशभरासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. लहान शिकारीचा परवाना त्यातही ठेवला होता, त्यामुळे आमच्यासारख्यांची बंदूक लगेच थांबली असती असे नाही. आमची थांबली ती जिमीमुळे. १९७३ च्या हिवाळ्यात तो नऊ वर्षांचा झाला. कान गेले. शीळ ऐकू येईना. नाक शाबूत होते, पण लव्हाळ्यात शिरला की परत कुठे यायचे ते त्याला उमजेना. एका रविवारी तो अर्धा तास आतच फिरत राहिला आणि मुलाने गुडघाभर चिखलात जाऊन त्याला उचलून आणले.

घरी येऊन आप्पांनी बंदूक पुसली, खुंटीला लावली आणि काडतुसे आजीकडे दिली. काका म्हणाले, “दुसरा कुत्रा आणू.” आप्पा म्हणाले, “आणशील. पण त्याला शिकवणारा कुठून आणशील? बार टाकला, पाखरू हरवले, तर शोधणार कोण? तो गेला तेव्हा त्याचा हात आपल्यापाशी राहिला होता. आता तोही थकला. पुरे झाले.”

मंडळी, त्या वेळी मी पंचविशीत होतो. मला आप्पांचे बोलणे पुरते कळले नव्हते. आज अठ्ठ्याहत्तरीत कळते. माणूस गेला की आपण त्याचा फोटो लावतो, मिस्सा करतो, श्राद्ध घालतो. पण त्याने जे नीट शिकवले, ते त्याच्यामागे चालतेच. बैलाला लावलेली शिस्त, कलम करायला शिकवलेला पोरगा, सारखा आखलेला बांध. हे सारे त्या माणसाचे हातच असतात. जिमी म्हणजे माझ्या मित्राचा हात होता. आम्ही त्याला नवे काही शिकवायच्या फंदात पडलो नाही. त्याची शीळच आम्ही शिकलो, म्हणून चार वर्षे तो मित्र आमच्याबरोबर बांधावरून चालला.

बंदूक थांबली, पण वही थांबली नाही. तो मुलगा जिमीला घेऊन रविवारी जायचाच. जिमी बांधाबांधाने हुंगत जाई, पाखरू उठवी आणि बाराची वाट पाहत वर बघे. बार होत नसे. मग आपला पुढे जाई. मुलगा लिही: दिसले इतके. ‘घेतले’च्या रकान्यात एक आडवी रेघ. १९७६ च्या उन्हाळ्यात जिमी गेला. बावखलाच्या काठी, भेंडाच्या झाडाखाली त्याला पुरला. वहिनींनी त्या दिवशी चूल पेटवली नाही.

पुढे शाळेत मुलाला सलीम अलींची गोष्ट वाचायला मिळाली. १९०८ साली सलीम अली हे लहान मुलगे होते. त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मामांच्या सांगण्यावरून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथून त्यांचे आयुष्यच पाखरांचे झाले. मुलगा ती गोष्ट मला सांगायला धावत आला. “काका, त्यांनीसुद्धा आधी पाडली, मग मोजली!” मी म्हणालो, “तू बरा. तू सुरुवातच मोजण्यापासून केलीस.” तो पुढे नोकरीला लागला, आता निवृत्त झाला आहे. गळ्यात दुर्बीण असते, आणि वह्या किती झाल्या ते तोच जाणे. पाणलाव्यातही जाती आहेत हे मला त्यानेच सांगितले. एका जातीच्या शेपटीत कडेची पिसे टाचणीसारखी बारीक असतात. तीन वर्षे आम्ही ती पाखरे रश्श्यात घातली, पण शेपटी कोणी उलगडून पाहिली नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट. त्याच्या वहीतला ‘घेतले’चा रकाना १९७३ पासून रिकामा आहे. मग ‘दिसले’चा आकडा वाढायला हवा होता की नाही? तो वाढला नाही. घटत गेला. कारण पाखराला बंदुकीपेक्षा मोठा शत्रू मिळाला. त्याची बसायची जागाच गेली.

वसई-विरारची हकिगत तुम्ही ऐकून असाल. आमचा तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात आला. त्याआधी २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. आणि त्याच्याही कितीतरी आधी रेल्वेच्या बाजूने इमारती सरकत आल्या होत्या. भाताच्या खाचरात मातीचा भराव पडला. खाजणात पडला. बावखले बुजली. लोकांना घरे हवीत, हे खरेच आहे. मुंबईत जागा न मिळालेला माणूस कुठे जाईल? पण खाचर आणि खाजण म्हणजे रिकामी जागा नव्हे. पावसाचे पाणी तिथे थांबते, मुरते, ओहोटीला हळूहळू खाडीत उतरते. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेली, लोकल बंद पडल्या, मिठागरातली माणसे पाण्याने वेढली गेली. त्या वेळी मला आमचे जुने खाचर आठवले. पाणलावा जिथे चोच खुपसतो ती जमीन पाणी पिणारी जमीन असते, ही साधी खूण आहे. पाखरू गेले की समजावे, पाण्याची जागाही गेली.

एक चांगली गोष्टही सांगायला हवी. तुंगारेश्वरच्या डोंगराला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. ज्या पायथ्याला आम्ही तितराच्या मागे फिरलो, त्याच्या वरचे रान आज कायद्याने राखलेले आहे.

कायद्याचे बोलणे निघालेच आहे तर तरुण वाचकांसाठी स्पष्ट सांगतो. माझी ही हकिगत वाचून कोणी बंदूक, गलोल किंवा फासा उचलू नये. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले. आज ससा, तितर, लावा, पाणलावा, रानबदक यांपैकी काहीही मारणे किंवा जाळ्यात धरणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अभयारण्याच्या हद्दीत शिक्षा याहून कडक आहे. ‘घरच्या शेतात मारले’ ही सबब चालत नाही. रानडुकरांनी पीक नासले तर लगेच वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईची तरतूद आहे.

आणि कुत्र्यांविषयी. आपल्या कुत्र्याला दरवर्षी पिसाळाची लस टोचावी. तो मोकळा सोडून देऊ नये. टिटवी, चंडोल, तितर ही पाखरे जमिनीवरच अंडी घालतात. उनाड कुत्र्यांची टोळी एका रात्रीत सारा माळ साफ करते. नाकाच्या कुत्र्याला काम मात्र हवेच. आमच्या नातवंडांचा कुत्रा आज चिंधीची गुंडाळी केळीच्या बागेतून शोधून आणतो, आणि त्या शोधण्यात जिमीच्या डोळ्यांत जी चमक असे तीच त्याच्या डोळ्यांत दिसते. त्याला पाखराचे रक्त लागत नाही. शाबासकी लागते.

शेवटी एक विनंती. तुमच्या गावाला खाचर असेल, तळे असेल, नदीकाठ असेल. घरातल्या एखाद्या मुलाला दहा रुपयांची वही आणून द्या आणि दोन रकाने आखून द्या: ‘तारीख’ आणि ‘दिसले’. चिमण्या मोजा, बगळे मोजा, टिटव्या मोजा. नावे येत नसतील तर वर्णन लिहा. पाच वर्षांनी त्या वहीत तुमच्या गावाची जी हकिगत मिळेल, ती तलाठ्याच्या दप्तरातही मिळणार नाही. पीक, पाणी आणि पाखरे यांचा हिशेब एकच असतो. आपण त्यातला पिकाचा तेवढा ठेवतो.

आमच्या त्या मुलाने, आता साठी ओलांडलेल्या मुलाने, गेल्या हिवाळ्यात मला चिखलडोंगरीला नेले. बांधावर मला खुर्ची दिली आणि तो खाली उतरला. तासाभरात तीन पाणलावे उठले. त्याने लिहिले: दिसले, तीन. मी म्हणालो, “फार थोडे रे.” तो म्हणाला, “थोडे आहेत. पण आले आहेत. जागा ठेवली तर पुढच्या वर्षीही येतील.”

तेव्हा जागा ठेवा, मंडळी. आपापल्या गावात, आपापल्या बांधाकडेला, थोडी ओली जागा ठेवा.